पंचावन्न मिनिटांची झोडणी

गेल्या अंकात आम्ही वाचकांस कबूल केले होते की, या वेळी मोरोपंतांच्या आर्यांविषयी चार शब्द लिहू. मोरोपंतांची आणि वाचकांची क्षमा मागून तो विषय पुढील महिन्यावर टाकीत आहोत. कारण मध्यंतरी आमच्या शाळेत एक प्रकरण उपस्थित झाले आणि त्यामुळे आमच्या आयुष्यातील एक गुपित, जे या मासिकाच्या वाचकांपासून आम्ही आजवर सांभाळून ठेवले होते, ते बाहेर येऊ पाहत आहे. तेव्हा ते आम्हीच सांगून टाकलेले बरे.

प्रकरण असे. अकरावीतील एका विद्यार्थ्यास आमच्या एका सहकाऱ्याने कार्यालयात आणून उभे केले. गणवेशाच्या सदऱ्याची वरची दोन बटणे उघडी, आणि आतून काळा बनियन-वजा टी-शर्ट डोकावत होता. सहकारी म्हणाले, "सर, याच्या छातीवर स्मशान छापलेले आहे. आता आपणच पाहा." आम्ही पाहिले. पांढऱ्या क्रुसांच्या रांगाच रांगा, एका क्रुसावर लटकवलेले शिरस्त्राण, प्रत्येक क्रुसास बांधलेली दोरी, आणि लाल आभाळातून त्या दोऱ्या खेचणारे दोन हात. आमच्या सहकाऱ्यास अपेक्षा होती की मुख्याध्यापक आता कडाडतील. आम्ही मात्र त्या मुलास विचारले, "यातले सातवे गाणे कोणते?"

मुलगा गोंधळला. "कौन-सा गाना, सर?" सिटी सेंटरच्या रस्त्यावर हातगाडीवरून त्याने तो टी-शर्ट घेतला होता; चित्र आवडले, एवढेच. हे चित्र डॉन ब्रॉटिगम नावाच्या चित्रकाराचे आहे, ते 'मेटॅलिका' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ आहे आणि ती ध्वनिमुद्रिका ३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झाली, हे सारे त्यास आपल्या मुख्याध्यापकाच्या तोंडून ऐकावे लागले. त्याच्यापेक्षा आमच्या सहकाऱ्यांचा चेहरा अधिक पाहण्याजोगा झाला होता.

तर गुपित हे. पंचावन्न वर्षांचे, धोतर नेसत नसले तरी नेसल्यासारखे वाटणारे, सरकारी शाळेचे मुख्याध्यापक आणि मराठीचे एम. ए. असे आम्ही, गेली सदतीस-अडतीस वर्षे या ध्वनिमुद्रिकेचे भक्त आहोत.

आमचे बालपण लष्करातील एका जुन्या वाड्यात गेले. आता आम्ही राहतो ते सिटी सेंटर म्हणजे शिकवणी-वर्गांच्या फलकांनी झाकलेल्या इमारतींचा भाग. त्या काळी आमच्या वाड्यातील मंडळींस हे नावही ठाऊक नव्हते. घरात गाणे म्हणजे ग्वाल्हेरचे गाणे. वडील (आम्ही त्यांस नाना म्हणत असू) दुसऱ्या कुठल्या गाण्यास गाणे म्हणत नसत. नानांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, तीच घरातील खरी गाणारी. लग्न होऊन ती पुण्यास गेली आणि तिचे गाणे देवघरापुरते उरले. तिचा मुलगा, आमचा आतेभाऊ, आमच्याहून दोन वर्षांनी मोठा. १९८८ च्या मे महिन्यात तो सुट्टीस आला तेव्हा त्याच्या पिशवीत साठ मिनिटांची एक कॅसेट होती. तिच्यावर मूळचे काही खोडून निळ्या शाईने इंग्रजीत नाव लिहिलेले होते.

दुपारी सारे घर निजले असता माडीवर त्याने ती लावली. प्रथम गिटारीच्या तारा सावकाश छेडल्या गेल्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असे काही गंभीर, देवळातल्यासारखे. आम्ही म्हणालो, "हे तर चांगले आहे." आतेभाऊ हसला. पुढच्याच क्षणी माडीची कौले उडतील असे वाटले.

त्या पहिल्या गाण्याचे नाव 'बॅटरी'. आम्ही कित्येक महिने हे गाणे टॉर्चमधील सेलांविषयी आहे असे समजत होतो. पुढे शब्दकोश उघडला तेव्हा कळले की इंग्रजांच्या कायद्यात अंगावर हात टाकण्यास हाच शब्द आहे. या संगीतप्रकाराचे नाव 'थ्रॅश'. त्याचाही अर्थ तोच कुळीचा: झोडपणे. खळ्यावर कणसे झोडपून दाणे काढण्याचा इंग्रजी शब्दही याच शब्दाचा सख्खा भाऊ. आम्हांस हे झोडणीचे रूपक फार पटते. नुसती आदळआपट असती तर कोणी चाळीस वर्षे लक्षात ठेवली नसती. झोडणीतून दाणा निघावा लागतो. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा प्रकार अमेरिकेत वाढीस लागला. 'मेटॅलिका', 'स्लेयर', 'मेगाडेथ' आणि 'अँथ्रॅक्स' ही त्यातील चार मोठी घराणी मानतात. घराणी हा शब्द आम्ही थट्टेने वापरीत नाही.

नानांनी हा कल्लोळ ऐकला तो तिसऱ्या दिवशी. आम्ही शिव्यांच्या तयारीने उभे होतो. ते जिन्यात थांबले, गुडघ्यावर बोटाने मात्रा मोजू लागले आणि गाणे संपल्यावर म्हणाले, "लय पक्की आहे. सगळे एकदम समेवर येतात. पण सूर कुठे ठेवून आले?" एवढे बोलून ते चहास गेले. नानांचा हा अभिप्राय आम्ही पुढे अनेक जाणत्यांच्या लेखांशी ताडून पाहिला. एका वाक्यात याहून नेमके कोणी लिहिल्याचे आम्हांस आढळले नाही.

लय पक्की म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. दुसरे गाणे, ज्यावरून ध्वनिमुद्रिकेस नाव मिळाले ते, मिनिटास दोनशेहून अधिक ठोक्यांच्या गतीने धावते. जेम्स हेटफिल्ड हा गायक स्वतः गिटारही वाजवतो. उजव्या तळव्याची कड तो घोडीपाशी तारांवर टेकवतो, त्यामुळे तार गुंजत नाही, ठोसा मारल्यासारखी वाजते. आणि त्या गतीतही सारे आघात वरून खाली, एकाच दिशेने. सतार शिकलेल्या वाचकांनी नुसते 'दा' दुप्पट लयीत साडेआठ मिनिटे वाजवून पाहावेत, मग मनगट काय म्हणते ते आम्हांस कळवावे. शिवाय कडव्याच्या चालीत मधूनच एक आवर्तन किंचित तोकडे केलेले आहे. ऐकणाऱ्याचा पाय तिथे हमखास अडखळतो. वाजवणाऱ्या चौघांचा अडखळत नाही.

ग्वाल्हेरकरांस या वेगाचे नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. हस्सू खाँसाहेबांची आख्यायिका आमच्याकडे पोरासोरांस ठाऊक असते. बडे मुहम्मद खाँ यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी 'कडक बिजली'ची तान दुसऱ्यांदा घेतली, बरगडीत काही मोडले, तोंडातून रक्त आले, आणि त्यांचे आजोबा नत्थन पीरबख्श म्हणाले की मरणारच आहेस तर तान पुरी करून मर. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद अभ्यासकांनी करावा. ज्या गावात ती अभिमानाने सांगतात त्या गावाने वेगवान गाण्यास राक्षसी म्हणून नाक मुरडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आणि त्याच गाण्यात, मध्यावर, सारा गदारोळ एकाएकी ओसरतो. दोन गिटारी हळुवारपणे एकमेकींशी बोलू लागतात. मिनिट-दीड मिनिटाचा तो विसावा आम्ही प्रथम ऐकला तेव्हा खिडकीतून वाड्याच्या चौकातील तुळस दिसत होती, हे आम्हांस अजून आठवते. सूर कुठे ठेवला, या नानांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दीड मिनिटात होते. पण तोवर नाना चहास गेलेले होते.

सगळीच गाणी थोर आहेत असे आम्ही म्हणणार नाही. आठांपैकी तिसरे आम्हांस कधीच रुचले नाही. जड पावलांनी चालते आणि कुठे पोचत नाही. सहावे गाणे धर्माच्या नावाने दूरदर्शनवर पैसे मागणाऱ्या अमेरिकन उपदेशकांवर आहे. विषय चोख, पण चाल बेताची. पाचवे मात्र, कोवळ्या वयात रणात पाठवल्या जाणाऱ्या शिपायाचे, आम्ही मोठेपणी टाळू लागलो. भिंड-मुरैन्याकडील मुले आमच्या वर्गातून उठून फौजेत जातात. १९९९ साली कारगिलच्या दिवसांत आम्ही कॅसेटची ती बाजू लावली नाही.

शब्दांकडे आमचे लक्ष उशिरा गेले, याची आम्हांस लाज वाटते. मराठीचा विद्यार्थी म्हणवणाऱ्याने गाण्याचे शब्द ऐकू नयेत! पण त्या आरडाओरडीतून इंग्रजी वेचून काढणे आमच्या शक्तीबाहेरचे होते, आणि या मंडळींनी चित्रफीतही काढलेली नव्हती. त्यांची पहिली चित्रफीत आली ती १९८९ साली, नंतरच्या ध्वनिमुद्रिकेतील गाण्याची. शब्द आम्हांस समजावून सांगितले ते आतेभावानेच.

१९८९ च्या दिवाळीनंतर आम्ही एका लग्नास पुण्यास गेलो होतो. रात्री त्याच्या खोलीत बसून त्याने दुसरे गाणे लावले आणि विचारले, "यात 'मी' म्हणून कोण बोलतो, सांग पाहू?" आम्ही म्हणालो, "गाणारा." तो म्हणाला, "नाही रे. पूड." मग त्याने सारे गाणे उलगडून दाखवले. त्यात व्यसन स्वतःच बोलते. ते माणसास सांगते की दोऱ्या माझ्या हातात आहेत, तू फक्त नाच. हाक मार, मी येतो. आणि हळूहळू तुझे काही उरणार नाही. नाथांच्या भारुडांत जसे कधी विंचू, कधी भूत यांचे सोंग घेऊन सत्य सांगितले जाते, तशी ही रचना. आम्ही ते कौशल्य पाहून खूश झालो आणि तसे त्यास म्हणालोही. त्या खोलीत खाटेखाली चांदीच्या कागदाचे करपलेले तुकडे आणि जळक्या काड्या पडल्या होत्या. आम्ही त्या पाहिल्या. आमचे डोळे तिकडे गेले हे त्याने पाहिले. तो म्हणाला, "आईला काही बोलू नकोस."

आम्ही बोललो नाही.

पुण्या-मुंबईत तो गर्दचा काळ होता. डॉ. अनिल अवचट यांचे 'गर्द' हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांस ते चांदीचे कागद काय होते हे सांगावयास नको. आम्हीही ते पुस्तक वाचले, पण नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आम्हांस न्याहारी वाढली, नानांची चौकशी केली, "हा अलीकडे फार वाळला आहे, नाही?" असे विचारले, आणि आम्ही म्हणालो, "परीक्षेची जागरणे असतील." हे वाक्य आम्ही पुढे दोन वर्षे मनात वागवले. दोन वर्षांत घरातील काय काय विकले गेले, आत्याच्या तंबोऱ्याचे काय झाले, ते येथे सांगण्यात अर्थ नाही.

१९८६ साल हे ध्वनिमुद्रिकेचे. त्याच साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात येरवड्यास 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिकडे दूर देशात चार पोरे व्यसनाच्या तोंडून बोलत होती, आणि इकडे त्याच वर्षी कोणी त्या दोऱ्या सोडवायला बसले होते. आतेभाऊ १९९१ मध्ये तेथे दाखल झाला. बाहेर आला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेस टिकला. आज तो सत्तावन्न वर्षांचा आहे आणि पुण्यात मोटारींच्या बॅटऱ्यांचे दुकान चालवतो. हा योगायोग आम्ही जुळवलेला नाही. पहिल्या गाण्यावरून त्यास चिडवण्याचा हक्क मात्र आम्ही सोडत नाही.

आता सातवे गाणे, ज्याविषयी त्या मुलास आम्ही विचारले. त्यास गाणे म्हणणे चूक, कारण त्यात शब्द नाहीत. साडेआठ मिनिटांचे नुसते वादन, नाव 'ओरायन'. मराठी माणसास ओरायन म्हटले की लोकमान्य आठवतात. वेदांच्या काळाचा शोध घेणारा त्यांचा त्या नावाचा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. ओरायन म्हणजे आपले मृग नक्षत्र. हे वादन दुरून आल्यासारखे हळूहळू जवळ येते, मध्यावर मंदावते, आणि तेथे खर्जाच्या गिटारीवर जे काही घडते ते ऐकताना आम्हांस ग्वाल्हेरची विलंबित खयालातील बढत आठवते. सुरास कसली घाई नाही.

खर्जाची ती गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन. लहानपणी पियानो शिकलेला, बाखच्या संगीताचा अभ्यास केलेला, आणि साथीदारांस ते वळण लावणारा. ध्वनिमुद्रिका झाली ती डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, १९८५ च्या शेवटच्या महिन्यांत. तालवाद्य वाजवणारा लार्स उलरिक मूळचा तिकडचाच. प्रसिद्धीनंतर सात महिनेही झाले नव्हते. २७ सप्टेंबर १९८६ रोजी पहाटे स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि बर्टन त्याखाली सापडला. वय चोवीस. असे सांगतात की कोणी कोठे निजायचे ते त्यांनी पत्ते काढून ठरवले होते आणि ती जागा त्याने जिंकली होती. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी 'ओरायन' लावण्यात आले. संपूर्ण 'ओरायन' त्याच्या साथीदारांनी रंगमंचावर प्रथम वाजवले ते वीस वर्षांनी, २००६ साली.

मुख्याध्यापक म्हणून आम्हांस अधिक मोलाची वाटते ती पुढील गोष्ट. मुलाच्या वाट्याचे मानधन येत राहिले, ते त्याचे वडील रे बर्टन यांनी मुलाच्या जुन्या शाळेत, कॅलिफोर्नियातील कॅस्ट्रो व्हॅली येथे, संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिले. त्याचा गाजावाजा केला नाही. २०२० मध्ये ते वारले.

मान्यता वगैरे यथावकाश मिळालीच. २०१६ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत या ध्वनिमुद्रिकेचा समावेश केला. त्या यादीत या जातीचे संगीत प्रथमच गेले. २०२२ मध्ये एका लोकप्रिय मालिकेत दुसरे गाणे वाजले आणि नातवंडांच्या वयाची मुले ते गुणगुणू लागली. 'मेटॅलिका' भारतातही येऊन गेले, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, बंगळूरास. आम्ही जाऊ शकलो नाही. शाळेत सहामाही चालू होती. मध्य प्रदेशातही या संगीताचे पीक आले: इंदूरचा 'निकोटिन' हा वाद्यवृंद २००६ पासूनचा. व्यसनाचेच नाव का घ्यावे, हे आम्हांस कळत नाही, पण विचारणार कोणास?

आता त्या कॅसेटविषयी, म्हणजे मूळ मुद्द्याविषयी.

आठ गाणी मिळून पंचावन्न मिनिटांना किंचित कमी भरतात. पहिली चार पहिल्या बाजूस, उरलेली चार दुसऱ्या बाजूस. साठ मिनिटांच्या कॅसेटवर ती इतकी नेमकी बसतात की जणू मापून शिवली आहेत. दुसऱ्या बाजूस शेवटचे गाणे संपल्यावर सुमारे दोन मिनिटांची फीत उरते. आमच्या कॅसेटवर ती कोरी नव्हती. आतेभावाने १९८८ साली ध्वनिमुद्रण करून घेतले ते घरात हाताशी आलेल्या कॅसेटवर, आणि त्या कॅसेटवर आत्याचा भूप होता. कोणा शेजाऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर तिने हौसेने एकदाच गाणे भरून ठेवले होते. वरचे खोडलेले नाव तेच. झालेली गोष्ट कळली तेव्हा ती रागावली नाही, म्हणाली, "बरे झाले, माझ्या निमित्ताने तरी तुम्ही शेवटपर्यंत ऐकाल." शेवटच्या गाण्याचा शेवटचा तडाखा बसतो, खट् असा आवाज होतो, आणि द्रुत बंदिशीच्या मध्यातून आत्या गाऊ लागते. माडीवर त्या दुपारी आम्ही दोघे त्यास हसलो होतो.

आत्या १९९६ मध्ये गेली. मुलगा सुधारलेला तिने पाहिला, हे आमच्या घरावर मोठे उपकार. तिच्या आवाजाचे दुसरे ध्वनिमुद्रण कोठेही नाही.

कॅसेट आमच्याकडे राहून गेली होती. गेल्या डिसेंबरात आतेभाऊ तानसेन समारोहास आला. सकाळी समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा ऐकून आम्ही सिटी सेंटरमधील घरी परतलो, आणि त्याने विचारले, "ती आहे का रे?" होती. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला. तो आम्ही नजरबागेतील एका म्हाताऱ्या कारागिराकडून मुद्दाम बदलून आणला होता. दुसरी बाजू लावली. सत्तावन्न आणि पंचावन्न वर्षांचे दोन गृहस्थ, एकास मधुमेह, दुसऱ्यास मणक्याचा विकार, अठ्ठावीस मिनिटे हलले नाहीत. 'ओरायन' चालू असता आम्ही त्यास म्हणालो, "तेव्हा मी आत्याला सांगायला हवे होते." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांगितले असतेस तर मी तुझ्याशी बोललो नसतो. पण सांगायला हवे होतेस." मग शेवटचे गाणे, खट्, आणि आत्या. फीत आता ताणली गेली आहे. आवाज थरथरतो आणि मधून बुडतो. आतेभाऊ मांडीवर मात्रा मोजत होता, अगदी नानांसारख्या.

फीत फार दिवस टिकणार नाही, ती मोबाईलमध्ये उतरवून घ्यावी असे दोघांनी ठरवले. पण ते कसे करावे ते दोघांसही येत नव्हते, आणि तो परत गेला.

काळ्या टी-शर्टच्या मुलास आम्ही शिक्षा केली नाही. बटणे लावायला सांगितली आणि शाळा सुटल्यावर बोलावून पांढऱ्या क्रुसांचा अर्थ सांगितला, दोऱ्यांचाही. खाटेखालच्या चांदीच्या कागदाविषयीही सांगितले, तो आमच्या कोणाचा होता ते न सांगता. आणि हेही म्हटले की कोणा मित्राकडे असे काही दिसले तर गप्प राहून त्याच्याशी मैत्री राखू नकोस. त्याने मान खाली घातली. का घातली ते आम्ही त्या दिवशी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले, आणि आता त्याच्या त्या मित्राच्या वडिलांशी आमचे बोलणे चालू आहे.

आठवड्याने तो मुलगा स्वतः होऊन कार्यालयात आला. "सर, पूरा सुन लिया. आठों," तो म्हणाला. "तीसरा वाला बोर है." आम्ही त्यास बसावयास खुर्ची दिली. मोबाईलमध्ये कॅसेट उतरवण्याची तार त्याच्या काकांच्या दुकानात मिळते म्हणे. रविवारी तो ती घेऊन घरी येणार आहे.